पेट्रोलचा काटा खोटं बोलू लागला तर…

सिलिंडर संपत आला की आपल्याला बरोबर कळतं. ज्योत बारीक होते, आणि तरीही शंका असली तर सिलिंडर जरा तिरका करून हातानं अंदाज घेता येतो. डब्यातली साखर, बरणीतलं लोणचं, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी, सगळं झाकण उघडून बघता येतं. मोटारीतलं पेट्रोल मात्र असं बघता येत नाही. टाकी गाडीच्या पोटाखाली, तोंडाला कुलूप, आणि आत डोकावावं तर काळोख. सगळी भिस्त चालवणाऱ्यासमोरच्या त्या इवल्याशा काट्यावर. तो काटाच खोटं बोलू लागला तर काय होतं, ते मला गेल्या वर्षी भर हमरस्त्यावर कळलं. त्याची ही हकीकत, आणि त्या निमित्तानं जे शिकले ते तुमच्यासाठी.

आमची गाडी २००४ सालची. कोणत्या कंपनीची ते मुद्दामच सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता. (आणि थोडासा माझाही, ते पुढे येईलच.) तुमच्या दारात जी जुनी गाडी असेल तीच डोळ्यांपुढे आणा. मारुती आठशे तर अजून गावोगाव दिसते. १९८३ च्या डिसेंबरात ती आली आणि २०१४ च्या जानेवारीत बनायची थांबली, म्हणजे तिच्यातल्या सगळ्यांत धाकट्या गाडीनंसुद्धा दहा वर्षं कधीच ओलांडली. अँबॅसडर त्याच वर्षीच्या मे महिन्यात थांबली. पद्मिनीनं मुंबईच्या टॅक्सीतून २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप घेतला, तरी हौशी मंडळींच्या दारात ती आहेच. या गाड्यांची इंजिनं नीट ठेवली तर वर्षानुवर्षं कुरकुरत नाहीत. आधी म्हातारी होते ती वायरिंग.

तर आमच्या गाडीचा पेट्रोलचा काटा तळाला जाऊन बसला होता. एक दिवस नाही, आठ महिने! किल्ली फिरवली की बाकीचे दिवे लागायचे, इंजिनाच्या उष्णतेचा काटा शहाण्यासारखा वर चढायचा, पण पेट्रोलचा काटा आपला ‘ई’वर. टाकी काठोकाठ भरली तरी ‘ई’. सुरुवातीला आम्ही हसलो. मग आमच्या ह्यांनी एक युक्ती काढली. गाडीत एक छोटी वही ठेवली. दहा लिटर पेट्रोल भरायचं, किलोमीटरचा आकडा लिहायचा, आणि एकशेवीस किलोमीटर झाले की पुन्हा दहा लिटर. गाडी लिटरला पंधरा देते, म्हणजे तीस किलोमीटरची शिल्लक हाताशी. हिशेब चोख होता. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाचा हिशेब, चुकेल कसा?

आम्ही वाईला राहतो. सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन साताऱ्याला झालं, त्याच दिवशी घरी पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला बोलावलं. हे कामावर. मी सासूबाईंना मागच्या सीटवर उशा लावून बसवलं, वही उघडली. शेवटचं पेट्रोल भरल्यापासून साठ किलोमीटर झालेले. सातारा पस्तीस. म्हणजे पोचेपर्यंत पंचाण्णव, तिथे भरू. निघाले.

पाचवड गेलं, आनेवाडीचा टोलनाका गेला, आणि लिंब खिंडीच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि गप्प बसली. कशीबशी कडेला घेतली. बाजूनं ट्रक धडधडत जातायत, प्रत्येक ट्रकबरोबर गाडी हलतेय, मागे एका डोळ्याला पट्टी बांधलेल्या सासूबाई विचारतायत, “काय झालं गं? आलं का सातारा?” मी काट्याकडे बघितलं. काटा ‘ई’वर. तो तर रोजच तिथे असतो! लबाड मुलगा रोज खोटं सांगतो आणि ज्या दिवशी खरं सांगतो त्या दिवशी कोणी ऐकत नाही, तसं झालं.

शेवटी एक वडापची जीप थांबली. आधीच तेरा माणसं आत. त्यांतल्या दोघा बाप्यांनी उतरून आम्हाला जागा दिली आणि स्वतः मागे लटकले. सासूबाईंचं डोकं मी माझ्या छातीशी धरून ठेवलं होतं, कुणाचा कोपर डोळ्याला लागेल म्हणून. दवाखान्यात पोचलो तेव्हा माझे हात थरथरत होते. डोळा सुखरूप होता. पण तो अर्धा तास मी विसरणार नाही.

रात्री घरात जे व्हायचं ते झालं. “तू पेट्रोल बघितलं नव्हतंस का?” या एका वाक्यानं सुरुवात. मैत्रिणींनो, तुम्ही गाडी चालवत असाल तर हे वाक्य तुम्हाला नवीन नसेल. गाडी पंक्चर झाली, बॅटरी उतरली, आरसा निखळला, काहीही होवो, शेवटचं कोण चालवत होतं ते आधी बघतात. मी काही बोलले नाही. वही आणि गाडीचा किलोमीटरचा आकडा दोन्ही समोर ठेवले. वहीप्रमाणे पंचाऐंशीच्या आसपास व्हायला हवे होते, झाले होते एकशेपस्तीस. “हे वरचे पन्नास कुठून आले?” असं मी विचारल्यावर आमचे चिरंजीव पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघरात निघून गेले. आदल्या रविवारी आम्ही दोघं लग्नाला गेलो होतो, तेव्हा हा मित्रांना घेऊन धोम धरणावर जाऊन वर पसरणी घाट चढून पाचगणीला जाऊन आला होता. घाटात गाडी पेट्रोल किती पिते ते तुम्हाला ठाऊकच आहे. वहीत ओळ लिहायला तो ‘विसरला’.

म्हणजे माझी चूक नव्हती. पण खरं सांगू? त्याचीही पुरती नव्हती. काटा चालू असता तर मी किल्ली फिरवतानाच पंपाकडे वळले असते.

साडेसहा हजार की शंभर?

दुसऱ्या दिवशी हे गाडी एका गॅरेजात दाखवून आले. टाकी उतरवायची, आतलं युनिट नवीन टाकायचं, समोरचं मीटरही बदलायचं. साडेसहा हजार, वरून दोन दिवस गाडी तिथेच. हे म्हणाले, “एवढा खर्च या गाडीवर? त्यापेक्षा विकूनच टाकू.”

ते सहज म्हणाले, पण माझ्या पोटात धस्स झालं. गाडी कागदावर यांच्या नावावर आहे, पण चालवते मी. आठवड्यातून तीन दिवस मी भुईंजला शिवणाचा क्लास घेते. यंत्राचे सुटे भाग, कापडाचे गठ्ठे, बायकांचे शिवून झालेले ब्लाउज, हे सगळं एसटीतून कसं न्यायचं? गाडी गेली की क्लास गेला. म्हणून मी म्हटलं, “अहो, विकायच्या आधी एकदा मला बघू द्या.” हे हसले. हसू द्यात.

एसटी स्टँडच्या मागे गाड्यांचं वायरिंग करणारे एक काका आहेत. पूर्वी रेडिओ दुरुस्त करत. त्यांच्याकडे मी गाडी नेली आणि सांगितलं, “काका, दुरुस्त करा, पण काय करता ते मला दाखवत करा.” असं सांगितलं की कारागीर एकतर चिडतो नाहीतर खुलतो. काका खुलले.

त्यांनी जे समजावलं ते इतकं सोपं होतं की मला माझाच राग आला. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो ना, पाण्याबरोबर वर-खाली होणारा? तसाच एक लहानसा फ्लोट पेट्रोलच्या टाकीत असतो. त्याला एक दांडी. दांडीचं दुसरं टोक एका बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकतं. हे वेटोळं म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. पंख्याचा जुना, मोठा रेग्युलेटर आठवा: बटण एकीकडे फिरवलं की अडथळा वाढतो, पंखा मंद; दुसरीकडे फिरवलं की अडथळा कमी, पंखा जोरात. इथे बटण फिरवणारा हात म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तो फ्लोट, आणि पंख्याच्या जागी काटा.

आता वीज कुठून कुठे जाते ते बघा, म्हणजे सगळं कोडं सुटेल. किल्ली फिरवली की बॅटरीतून फ्यूजमार्गे करंट मीटरात येतो. मीटरातून एक लांब तार निघते, ती गाडीच्या कडेकडेनं मागे टाकीपर्यंत जाते आणि त्या वेटोळ्याला मिळते. वेटोळ्यातून निघालेली आखूड तार गाडीच्या पत्र्याला स्क्रूनं आवळलेली असते. पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला, म्हणजे करंट परत घरी. या शेवटच्या आखूड तारेला म्हणायचं अर्थिंग. एवढंच. या वाटेत कुठेही खंड पडला की काटा गोंधळणार.

आमच्या गाडीत, आणि आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत, टाकी भरलेली असली की अडथळा कमी असतो, अगदी थोडे ओहम. रिकामी होत गेली की तो शंभराच्या आसपास जातो. म्हणजे तार तुटली किंवा जोड सुटला तर करंट थांबला, काटा ‘ई’वर. उलट तीच लांब तार कुठे घासून, वरचं आवरण फाटून पत्र्याला टेकली, तर करंट वेटोळ्यापर्यंत जायच्या आधीच पळवाट काढतो आणि काटा ‘एफ’वर जाऊन चिकटतो. टाकी भरलीये असं सांगणारा काटा जास्त घातकी, बरं का! काही गाड्यांत, विशेषतः जुन्या अमेरिकन गाड्यांत, हे सगळं बरोबर उलटं असतं, तेव्हा आपली गाडी कोणत्या जातीची ते आधी विचारून घ्यावं. आणि अर्थिंग पुरतं तुटलेलं नसून नुसतं गंजलेलं असेल तर गंजाचा अडथळा वेटोळ्याच्या अडथळ्यात मिळतो आणि काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. अर्धी टाकी असताना पाव. असा काटा हळूहळू खाली सरकत जातो आणि आपल्याला वाटतं गाडीच जास्त पेट्रोल खायला लागली. मागे वर्षभर आमच्याकडे “हल्ली अॅव्हरेज देत नाही” असं चालूच होतं. आता कळलं.

यावरून निम्मं निदान तुम्हाला दारात उभ्या गाडीत बसून करता येईल. किल्ली फिरवून समोरचे सगळे काटे आणि दिवे बघा. पेट्रोलबरोबर उष्णतेचा काटाही मेलेला असेल तर दोघांना मिळून येणारा करंट बंद आहे. आधी फ्यूज बघावा, तो काही रुपयांना मिळतो. पेट्रोलचाच तेवढा गप्प असेल तर दोष त्याच्या स्वतःच्या वाटेत. खड्ड्यातून गेल्यावर काटा उसळ्या मारत असेल तर कुठेतरी जोड ढिला आहे. वळणावर किंवा घाटात थोडा हलत असेल तर मात्र काही बिघडलेलं नाही. टाकीतलं पेट्रोलच एका बाजूला कलतं, त्याला काटा काय करणार.

तीन तपासण्या

काकांनी पहिल्यांदा गाडी मोकळ्या जागेत घेतली, चारी दारं उघडली, आणि शेजारच्या टपरीवाल्याला बिडी विझवायला लावली. पेट्रोल जळतं हे आपल्याला माहीत असतं, पण खरी पेटते ती त्याची वाफ, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचते. म्हणून बंद गॅरेजात, जिन्याखाली, किंवा जवळ देवघरातलं निरांजन, उदबत्ती, स्वयंपाकाचा गॅस चालू असताना यातलं काहीही करू नये. जोडायचं-सोडायचं काम प्रत्येक वेळी किल्ली बंद करूनच, म्हणजे टाकीजवळ ठिणगी पडत नाही. आणि टाकीवरचं युनिट घरी उघडण्याच्या भानगडीत तर आपण मुळीच पडायचं नाही. आपली हद्द तारांपर्यंत.

मग त्यांनी डिकीतली चटई वर केली. टाकीकडे जाणाऱ्या तारांची जुडी आणि तिच्यातला प्लास्टिकचा कपलर, म्हणजे दोन अर्धुकं एकमेकांत अडकवलेला जोड, सापडला. (ही जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते, मागची सीट उचलावी लागते किंवा खालून बघावं लागतं. तारांच्या रंगावरही फार विसंबू नये. जुन्या गाडीत मधल्या एखाद्या कारागिरानं हाती लागेल त्या रंगाचा तुकडा जोडलेला असतो.)

कपलर सोडवला. मीटरकडून आलेल्या तारेला त्यांनी एक छोटा बारा व्होल्टचा बल्ब जोडला, साधारण साडेतीन वॅटचा, नंबरप्लेटवर असतो त्याहून बारीक, आणि बल्बचं दुसरं टोक पत्र्याच्या स्वच्छ भागाला टेकवून धरायला मला सांगितलं. “आता किल्ली फिरवून काट्याकडे बघा.” चिरंजीव प्रायश्चित्त म्हणून बरोबर आले होते, त्यांनी किल्ली फिरवली, आणि ओरडले, “आई, चढला!” आठ महिन्यांनी काटा जागचा हलला होता.

तार सरळ पत्र्याला न लावता मध्ये बल्ब का? तर मीटरातून एकदम जास्त करंट जाऊन ते जळू नये म्हणून. या एका तपासणीत काय काय कळलं बघा. मीटर चांगलं. मीटरपासून डिकीपर्यंतची लांब तार चांगली. ज्या मीटरचे नवीन घेण्याचे पैसे आम्ही मोजणार होतो, ते ठणठणीत होतं!

काटा हलला नसता तर दोष पुढच्या भागात, म्हणजे तार मध्ये तुटलेली, नाहीतर मीटरच गेलेलं. तसं असेल तर तार माग काढत पुढे जावी लागते. दाराच्या उंबऱ्याखाली, चटईखाली, जिथे ती पत्र्याच्या भोकातून जाते तिथे जास्त बघावं. त्या भोकाला रबरी कडं असतं. ते पडलं की पत्र्याची धार तारेला विळीसारखी कापत राहते.

तिसरी तपासणी सगळ्यांत सोपी, आणि आमचं कोडं तिनंच सोडवलं. कपलर पुन्हा जोडला. हातभर तार घेऊन तिचं एक टोक टाकीकडून येणाऱ्या अर्थिंगच्या तारेला आणि दुसरं लांबच्या एका स्वच्छ बोल्टला लावलं. किल्ली फिरवली. काटा हळूहळू उठला आणि अर्ध्याच्या जरा पुढे जाऊन थांबला. ह्यांनी आदल्या दिवशीच पंधरा लिटर भरलं होतं, टाकी तिसाच्या आतली. बरोबर!

म्हणजे टाकीतलं युनिटही चांगलं. गेलं होतं ते फक्त अर्थिंग. काकांनी बोटानं दाखवलं: डिकीच्या कोपऱ्यात, पत्र्याला एका स्क्रूनं आवळलेला तारेचा कडीसारखा शेवट. स्क्रू कुठला, तांबूस-तपकिरी ढेकूळ झालं होतं नुसतं. नखानं टोकरलं तर पापुद्रा निघाला आणि कडी तारेसकट हातात आली.

“इथे पाणी कुठून येतं?” काकांनी विचारलं. डिकीच्या दाराचं रबर एका जागी फाटलं होतं, ते खरंच. पण मी तुमच्यापासून लपवत नाही. दर दिवाळीला मी चटई काढून डिकी बादलीभर पाणी ओतून घासून धुते. वीस वर्षं. अंगण धुवावं तशी. हे यांना मी अजून सांगितलेलं नाही, आणि हे या पानांकडे फारसे वळत नाहीत म्हणून इथे लिहायची हिंमत करते आहे. तुम्ही मात्र गाडी आतून ओल्या फडक्यानंच पुसा.

दुरुस्ती

पहिलं काम बॅटरीचं ऋण टोक सोडवणं. हे विसरून चालत नाही. मग गंजका स्क्रू काढून टाकला, आणि त्याभोवतीचा रुपयाएवढा पत्रा पॉलिशपेपरनं घासून चकचकीत केला. रंगही खरवडून काढायचा, कारण रंगातून वीज जात नाही. माझ्या मनात आलं ते मी विचारलं: “चिंच-मिठानं निघेल का?” काका दचकले. भांड्यांना चालतं, इथे नाही. आंबट ओल तारेच्या आत शिरते आणि राहिलेली तारही खाते. घासायचं ते कोरडंच.

जुन्या तारेचं टोक हिरवं-काळं पडलं होतं, ते चकाकतं तांबं दिसेपर्यंत कापलं. तार आखूड पडली म्हणून नवा तुकडा जोडावा लागला. तुकडा गाडीच्या वायरचाच घ्यावा, बारीक अनेक तारांचा, जुन्याइतक्याच जाडीचा. घरच्या वायरिंगची एका जाड तांब्याची तार उरलेली असते, ती वापरायचा मोह होतो. पण गाडीच्या थरथरीनं ती मोडते. दोन टोकं नुसती पिळून वर टेप गुंडाळणं हे तर सगळ्या रोगांचं मूळ. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या टेपचा डिंक पाघळतो, टेप सुटतो, जोडात ओल जाते. काकांनी जोडावर धातूची नळी चढवून पकडीनं दाबली आणि वरून रबरी आवरण घातलं. डाग द्यायचा असेल तर तार काढून टेबलावर नेऊन द्यावा; टाकीजवळ तापलेली कावी आणायची नाही. तारेच्या टोकाला नवीन थिंबल, नवा स्क्रू, मध्ये दातेरी वायसर, आणि घट्ट आवळलं. शेवटी वरून व्हॅसलीनचा लेप. आधी नाही, आवळल्यावर! आधी लावलं तर धातूला धातू नीट भिडत नाही.

कपलरच्या आतल्या पितळी जिभाही त्यांनी पुसून जरा चिमटून घेतल्या. बॅटरी जोडली. काटा उभा राहिला.

सामान शंभराच्या आत, काकांची मजुरी तीनशे. डिकीचं रबर मात्र वेगळं घ्यावं लागलं, ते महाग पडलं, पण ते बदललं नसतं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा काकांकडेच जावं लागलं असतं.

तुम्हाला हे सगळं स्वतः करायची गरज नाही. जमत असेल आणि कोणी जाणतं शेजारी उभं असेल तर जरूर करा, पण निदान तपासणी कुठली करायची ते माहीत असावं. गॅरेजात गेल्यावर “काटा चालत नाही, बघा” एवढंच म्हटलं की माणूस आधी महाग वस्तूकडे वळतो. त्यात दरवेळी लबाडी असते असं नाही, सोपंही पडतं. त्याऐवजी म्हणावं, “उष्णतेचा काटा चालतो, फ्यूज ठीक आहे, आधी टाकीचं अर्थिंग बघा आणि मग टाकी उतरवायचं बोला.” समोरच्याचा सूर बदलतो, मी अनुभवलंय. अर्थिंग आणि तार दोन्ही चांगली निघाली तर मग खरंच आतलं युनिट झिजलेलं असतं किंवा फ्लोटला भोक पडून तो बुडालेला असतो. तेव्हा खर्च करावाच.

आणि काटा नाही तर नाही, चालतंय की, असं म्हणून आमच्यासारखे आठ महिने काढू नका. ज्या गाड्यांत पेट्रोलचा विजेचा पंप टाकीच्या आत बसवलेला असतो, तो पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. टाकी वारंवार कोरडी पडली तर तो लवकर जातो. त्याची किंमत विचारून बघा एकदा.

दुरुस्तीनंतर काकांनी एक गृहपाठ दिला. काटा चालू झाला म्हणजे तो लिटरचा हिशेब सांगतोच असं नाही. टाकीचा आकार वेडावाकडा, काटा सारखा उतरत नाही. पुष्कळ गाड्यांत पहिला अर्धा सावकाश जातो आणि दुसरा भराभर. म्हणून काटा ‘ई’जवळ आला की सपाट जागी असलेल्या पंपावर पाच लिटर भरायचं, किल्ली फिरवून मिनिटभर थांबायचं, कारण हे काटे आळशी असतात, आणि काटा कुठे आला ते लिहून ठेवायचं. मग आणखी पाच. पंपावरच्या मुलाला ही बाई खुळी आहे असं वाटलं असेल. पण आता मला माहीत आहे की आमच्या काट्याच्या पहिल्या रेघेवर सहा लिटर असतं, आणि सहा लिटर म्हणजे भुईंजला जाऊन-येऊन वर बाजारहाट.

ह्यांची वही अजून गाडीतच आहे. मी काढू दिली नाही. काट्याची ही माहिती तिच्याच शेवटच्या पानावर लिहिली आहे, आणि पुढच्या पानांवर चिरंजीव न सांगता किलोमीटर टिपतात. परवा तर “दूध आणायला, १.२” अशी ओळ होती. सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात मिळाली आहे. “वडापनं जायचं का गाडीनं?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, “त्या दोघा बाप्यांना काही खाऊ द्यायचा राहिला बघ आपला.”